पाण्याच्या पाळीची वाटी

एक होती नदी. सोन्याची नाही की रुप्याची नाही, आपली साधीच. तिच्या काठी तीन गावं, वरवाडी, मधवाडी नि तळवाडी. उन्हाळा आला की ही गावं पाणी वाटून घ्यायची. कसं, तर पाटाचं पाणी सोडणारी पाटकरीण चांगुणाआत्या वरवाडीच्या बंधाऱ्यावर पाण्यानं भरलेलं घंगाळ घेऊन बसायची. त्यात तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक, बरं का! पाणी भरून वाटी बुडाली की एका गावाची पाळी संपली. मग पाटाचं दार लावायचं आणि पाणी पुढच्या गावाला सोडायचं.

वरवाडीच्या गोंदाजी पाटलाला उसाची भारी हौस. पाणी काही पुरेना. मग लबाडानं काय केलं, आत्याची नजर चुकवून भोकात मेण भरलं. वाटी आपली तरंगतेय. पाळी संपेचना!

पहिल्या दिवशी पाटील मिशीत हसला. दुसऱ्या दिवशी उसात गुडघाभर चिखल झाला. तिसऱ्या दिवशी पाणी घरात शिरलं, कोंबड्या माळ्यावर चढल्या. आता ऊस कुजणार, भिंती खचणार! पाटील धावत बंधाऱ्यावर गेला. मेण काढलं, वाटी बुडेना. दगड ठेवला, बुडेना. दोन्ही हातांनी दाबली, तर टुणकन वर! पाटाचं दारही जागचं हलेना.

आत्या म्हणाली, "आता माज्या हातात काय न्हाई, पाटील. ज्येंचं पानी अडवलं, त्येंच्या दारात न्या ती वाटी."

मग पाटील वाटी घेऊन निघाला. मधवाडीच्या विहिरी तळाला गेलेल्या. तळवाडीला तर नदीत नुसती वाळू. पाटलानं वाटी बुडवण्यापुरतं पाणी मागितलं. पहिल्या घरी रांजण कोरडा. दुसऱ्या घरी घागर पालथी. तिसऱ्या घरी सगुणा म्हातारीनं नातवंडांसाठी तांब्याभर पाणी झाकून ठेवलेलं. तेवढंच तिनं परातीत ओतलं. म्हणाली, "वाटी बुडवून झाली की ऱ्हाऊ द्या तसंच. पोरं प्यायची हायेत."

पाटलाची मान खाली गेली. मग कसाबसा म्हणाला, "आजी, तुमचं पानी मीच चोरलं."

तेव्हा कुठं वाटी डुबुक करून बुडाली. तिकडे बंधाऱ्यावर पाटाचं दार आपोआप लागलं आणि सांजेला पाणी तळवाडीत आलं. पोरं नदीत उतरून पोटभर प्यायली.

तेव्हापासून पहिली पाळी तळवाडीची, शेवटची वरवाडीची. पाटलानं निम्मा ऊस मोडून कमी पाण्यात येणारा मूग पेरला. तिन्ही गावं सुखानं नांदली. आता कुणाला तहान लागली असेल तर आत्ताच पाणी प्या, आणि गपगुमान झोपा.