कुणाची रांग मोठी

फार पूर्वी एका गावात देवळाचं तपेलं आणि दर्ग्याची देग यांचं दर गुरुवारी वाजायचं. जेवायला येणाऱ्या गरिबांची रांग कुणाकडे मोठी, एवढंच भांडण.

एकदा रांगेतल्या ठकूबाईच्या हातातलं मडकं वैतागलं. "तुमच्यात शिजणारा दुधी हिच्याच मळ्यातला आहे. अडत्या तो मातीमोल भावाने नेतो. म्हणून पिकवणारी बाई रांगेत उभी आहे."



पुढच्या गुरुवारी तपेल्यात आणि देगेत अडत्याचा दुधी काही केल्या शिजेना. पुजारी आणि मुजावर धावतपळत ठकूबाईच्या मळ्यात गेले, दुधी घेतला आणि नेहमीचे पैसे दिले.

"एवढे?" ठकूबाई बघतच राहिली.

"अडत्याला एवढेच देतो," पुजारी म्हणाला.

"मग तुमच्या हाती किती पडतात, बाई?" मुजावराने विचारलं.

तिने सांगितलं. दोघांच्या माना खाली गेल्या. तेव्हापासून देऊळ आणि दर्गा थेट मळेवाल्यांकडूनच भाजी घेऊ लागले.

वर्ष सरलं. तपेलं म्हणालं, "आज माझ्याकडे निम्मीच माणसं."

देग ऐटीत म्हणाली, "माझ्याकडे त्याहून कमी."