पंडितांचा तिसरा शिंजीर

आफ्रिकेतल्या एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक राजा राहत होता. त्याच्या पदरी बालुकू नावाचे पंडित होते. देशातल्या यच्चयावत पाखरांची कुळं आणि जाती त्यांनी ग्रंथात मांडल्या होत्या. डोंगर मात्र ते कधी चढले नव्हते. वर थंडी फार, आणि पंडितांना सर्दीचा कोठा. लोकांनी टोपलीतून पाखरू आणायचं आणि यांनी शेकोटीशी बसून त्याचं कूळ सांगायचं, असा सगळा कारभार.

आपल्याकडे जास्वंदीवर शिंजीर येतो ना, त्याचाच एक भाऊबंद त्या डोंगरमाथ्यावर राहायचा. जंगल संपतं त्याच्याही वर, माणसाहून उंच फुलांच्या दांड्यांत. पंडितांनी लिहिलं होतं, हिरवा चकचकीत तो राजशिंजीर, कूळ थोर. मातकट तो भुरका शिंजीर, कूळ किरकोळ.

राजाने एक राजशिंजीर पिंजऱ्यात ठेवला होता. बीरा नावाची बाई रोज डोंगर चढून त्याच्यासाठी ताजी फुलं आणायची. राजा दोन महिने शिकारीला गेला. परत येऊन बघतो तर पिंजऱ्यात मातकट पाखरू.

"बीरे, माझा पक्षी पळवून हे काय बसवलंस?"

"तोच आहे, महाराज. वीण संपली की हा कपडे बदलतो."

पंडित फिस्सकन हसले. "कूळ म्हणजे काय कपडे आहेत, बदलायला? ग्रंथात या दोन जाती आहेत."

झालं. चार दिवसांत खरा पक्षी आणला नाही तर बीराने राज्य सोडून जावं, असं फर्मान निघालं. तिचं घर, तिची म्हातारी आई, सगळं इथेच. ती तडक पंडितांच्या दारात जाऊन उभी राहिली. "एकदा वर चला. मी खोटी ठरले तर आपणहून जाईन."

काय मनात आलं कोण जाणे, पंडित निघाले. अंगावर तीन घोंगड्या, नाकाला रुमाल. वाटेत सतरा वेळा बसले. माथ्यावर एका दांड्यावर शिंजीर मध पीत होता. पाठ मातकट, छाती अजून हिरवी चकचकीत. पंडितांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"ही तिसरी जात," ते म्हणाले, आणि लागले की हो लिहायला.

बीरा नुसती बघत राहिली. चार ओळी झाल्यावर पंडितांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी कागद फाडला.

दरबारात ते म्हणाले, "महाराज, बीरा खरं बोलते. एकाच पाखराच्या मी दोन जाती केल्या. चूक माझी."

राजाने बीराची माफी मागितली आणि पिंजरा उघडला. मग पंडितांकडे वळून विचारलं, "आणि उरलेल्या ग्रंथाचं काय?"

"उद्यापासून एकेक पाखरू त्याच्या घरी जाऊन बघतो. बीराबाई नेतील तर."

"नेईन," बीरा म्हणाली. "पण लिहायच्या आधी मला विचारायचं."

तात्पर्य: चूक कळल्यावर तिला नवं नाव शोधत बसू नये; आपल्यामुळे ज्याला भोगावं लागतं, त्याच्यादेखत ती कबूल करावी.