पायली आणि शेर

ऐका मंडळी. थोरांनीही ऐका, कारण ही गोष्ट थोरांनाच जास्त लागू आहे.

फार फार जुन्या काळी घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात दर रविवारी मोठा बाजार भरायचा, आणि गावाच्या वेशीवर एक सराई होती. दगडी जोतं, सारवलेल्या खोल्या, न गळणारं छप्पर. सराईवाल्याला तिचा भारी अभिमान. तो सांगायचा, "माझ्या सराईत घासाघीस होत नाही. तीन पिढ्या झाली नाही."

त्या काळी मुक्कामाचं मोल धान्यात द्यायचे. सराईच्या भिंतीवर दोन मापं टांगलेली असत, एक शेराचं आणि एक पायलीचं. पायली म्हणजे चार शेर. साध्या रात्रीला खोलीमागे शेरभर ज्वारी पडे. शनिवारच्या रात्री मात्र बाजारासाठी व्यापाऱ्यांची झुंबड उडे, म्हणून त्या रात्रीला पायली.

इथवर ठीक होतं. पण सराईवाल्याच्या आजोबांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, एका पाहुण्याला एकच माप. मुक्कामात शनिवार आला, की भिंतीवरून पायली उतरायची आणि सगळ्या रात्री तिनंच मोजायच्या. दुसरा, सामानासकट उंबरठा ओलांडला की पाहुणा संपला, परत आला तर तो नवा.

लोक कुरकुरायचे आणि देऊन टाकायचे. पायली का, असं विचारलं तर आपण कंजूष दिसू, अशी प्रत्येकाला भीती. पदरची ज्वारी गेली तरी चालेल, पण ऐट जायला नको!

एका बुधवारी दोन बायका सराईत आल्या. एक म्हातारी, एक तिची सून. म्हातारी घोंगड्या विणायची, आणि तिच्या हातची घोंगडी अंगावर घेऊन लोक मुद्दाम चावडीसमोरून जायचे. पण वर्षभर तिच्या डोळ्यांपुढे धुकं दाटलं होतं. गावच्या वैद्यांनी त्याच दुपारी डोळ्यांत औषध घालून पट्टी बांधली होती आणि बजावलं होतं, "सात रात्री रोज औषध. वारा नको, धूर नको, दव तर मुळीच नको. एक रात्र उघड्यावर काढलीत, तर डोळे गेले म्हणून समजा."

"सात रात्री?" सराईवाल्यानं बोटं मोजली. "मधे शनिवार येतोय. सात पायल्या झाल्या."

सुनेच्या पोत्यात सगळी मिळून चौदा शेर ज्वारी होती. सात पायल्या म्हणजे अठ्ठावीस शेर. शिवाय आठवडाभर भाकरीला चार शेर तरी हवेत.

सराईवाला काही दुष्ट नव्हता. पोतं पाहून तो हळूच म्हणाला, "बाई, नसेल तर राहू द्या. धर्म म्हणून ठेवून घेतो मी."

म्हातारीनं पट्टी बांधलेलं तोंड त्याच्याकडे वळवलं. "धर्म आंधळ्या-पांगळ्यांना करा. मी अजून आंधळी झाले नाही. उभ्या जन्मात फुकटचं अंथरूण घेतलं नाही मी. चल गं सूनबाई."

"थांबा की आत्याबाई," सून म्हणाली. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो तीन पिढ्यांत कुणी विचारला नव्हता. "दादा, पायली कशाची हो?"

"शनिवारच्या गर्दीची."

"मग आज कुठाय गर्दी?"

सराईवाल्यानं मागे पाहिलं. आठ खोल्या रिकाम्या होत्या. तो चाचरला, "नियम आहे तो. एका पाहुण्याला एकच माप."

"मोडू नका नियम. मला फक्त शनिवारची रात्र द्या."

तिनं पायलीभर ज्वारी मोजून दिली. मग गाठोडं डोक्यावर घेतलं, सासूचा हात धरला, उंबरठा ओलांडून बाहेर गेली, अंगणातल्या तुळशीला वळसा घातला आणि परत आत आली.

"दादा, आम्ही नवे पाहुणे. आजपासून तीन रात्री हव्यात. मधे शनिवार नाही. शेराचं माप काढा."

 नियम सराईवाल्याच्याच आजोबांचे होते. त्यानं शेराचं माप काढलं.

शनिवारी सकाळी दोघी पुन्हा गाठोडं घेऊन बाहेर पडल्या. त्या तुळशीपाशी पोचतात न पोचतात तोच मिरच्यांचा एक व्यापारी बैलगाडीतून उतरला. सराई भरली होती, तेवढी एकच खोली मोकळी दिसत होती.

"दोन पायल्या देतो," व्यापारी म्हणाला. "त्या बायका तर बाहेर पडल्या. तुमच्याच नियमानं त्या आता कुणी नाहीत."

 आजची रात्र झाडाखाली काढायची म्हणजे सासूचे डोळे गेलेच. सुनेनं सासूचा हात घट्ट धरला. म्हातारी मात्र ताठ उभी होती.

सराईवाल्यानं एकदा दोन पायल्यांच्या पोत्याकडे पाहिलं. मग त्या दोघींकडे पाहिलं.

"कुणी नाहीत कसं?" तो म्हणाला. "आजच्या रात्रीच्या पाहुण्या आहेत त्या. त्यांची पायली बुधवारीच माझ्या कणगीत पडलीय. माझ्या सराईचा शब्द दोन पायल्यांना विकायला मी बसलो नाही. या बाई, आत या."

हे सांगताना आजही माझी छाती फुगते. त्या सुनेबद्दल तर फुगतेच, पण त्या सराईवाल्याबद्दलही. आजवर तो नुसता खोल्यांचा अभिमान मिरवत होता, त्या दिवशी त्याला अभिमानाजोगं काही केल्याचं समाधान मिळालं.

रविवारी बाजार उठला. दोघींनी पुन्हा तुळशीला वळसा घातला आणि उरलेल्या तीन रात्रींचे तीन शेर दिले. सगळे मिळून दहा शेर झाले. चार शेरांच्या भाकऱ्या झाल्या, आणि कुणाचा एक दाणा फुकट घेतला गेला नाही.

बुधवारी वैद्यांनी पट्टी सोडली. म्हातारीनं डोळे किलकिले केले, सुनेचं तोंड डोळे भरून पाहिलं, मग सराईत येऊन भिंतीकडे निरखून पाहिलं.

"हीच का ती दोन मापं?" ती म्हणाली. "चांगली घडवलीत की. मग एकाच्या जागी दुसरं का वापरता?"

सराईवाला मनापासून हसला. त्यानं त्याच दिवशी आजोबांचा पहिला नियम काढून टाकला आणि दोन्ही मापं बाहेर ओसरीवर टांगली. ज्या रात्रीचं जे माप, त्या रात्रीला तेच. ही बातमी घाटापलीकडे गेली. वैद्यांकडे येणारे लोक आठ-आठ दिवस राहू लागले, आणि बुधवारीसुद्धा सराईच्या आठही खोल्यांत दिवे दिसू लागले.

पुढच्या थंडीत म्हातारीनं सराईवाल्याला एक घोंगडी पाठवली. तिच्या काठात तिनं दोन मापं विणली होती, एक लहान आणि एक मोठं. ती अंगावर घेऊन सराईवाला गावभर हिंडला आणि चावडीसमोरून तर दोनदा गेला.

तात्पर्य : मोल कसं ठरलं हे ताठ मानेनं विचारावं, विचारण्यात कमीपणा नसतो, न विचारता देण्यात असतो.