जाळ्यातलं मोकळं टोक

“मग तुटलंय तरी कुठे, महाराज?”

सोमगीर महाराज ओट्यावर वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तूच सांग.”

विश्वंभरने जोडलेल्या तारांकडे पुन्हा एकदा पाहिलं. डोंगरावरच्या या मठात तो कॉम्प्युटरचं जाळं जोडायला शिकायला आला होता. येताना शहरातून एक जाडजूड पुस्तक पाठ करून आला होता. जाळ्याच्या सात थरांची नावं तो वरून खाली आणि खालून वर घडाघडा म्हणे. कोणी विचारलं नाही तरी म्हणे.

मठातलं जाळं महाराजांनी स्वतःच्या हाताने अंथरलेलं. तसंच आता डोंगराखालच्या नव्या शाळेत अंथरायचं होतं. विश्वंभरला ते काम हवं होतं. दुसरं काही नको होतं.

सकाळी महाराजांनी कोठी, दवाखाना आणि पाठशाळा, तिन्ही ठिकाणच्या कॉम्प्युटरच्या तारा काढून ठेवल्या होत्या.

“जोड. दिवेलागणीच्या आत एकमेकांशी बोलले, तर शाळा तुझी. नाही बोलले, तर पिशवी उचल आणि खाली उतर.”

आता ऊन कलायला आलं होतं. तारा जोडून झाल्या होत्या. पण एकही कॉम्प्युटर दुसऱ्याला ओळख द्यायला तयार नव्हता.

“एकही तार तुटलेली नाही,” विश्वंभर म्हणाला. “सगळ्या तपासल्या. प्रत्येक कॉम्प्युटरला त्याचा पत्ता बरोबर दिलाय. आणि स्विचवरचे दिवे तर बघा! जाळं नुसतं धावतंय.”

सगळ्या तारा जिथे एकत्र येतात, त्या भिंतीवरच्या पेटीला ते स्विच म्हणत. तिच्यावरचे हिरवे दिवे असे फडफडत होते, की डोळा ठरत नव्हता.

“धावतंय खरं,” महाराज म्हणाले.

“मग?”

...

महाराजांनी वालांची परात बाजूला सारली आणि हाक मारली.

“चंपाआक्का! बाजीबा! इकडे या. मिठाची बरणी घेऊन या.”

मठाचा स्वयंपाक करणारी चंपाआक्का हातातल्या पळीसकट आली. कोठी सांभाळणारा बाजीबा बरणी घेऊन मागून आला.

“काय इंजिनेर, बोलली का तुमची यंत्रं?” आक्काने विचारलं.

“बोलतील,” विश्वंभर तुटक म्हणाला.

“बोलतील, बोलतील. माझा कुकर आधी बोलेल.”

महाराजांनी बाजीबाला बरणीसकट दाराशी उभं केलं. “कोणी विचारलं, की ‘माझ्याकडे आहे’ एवढंच म्हणायचं.” मग आक्का, विश्वंभर आणि ते स्वतः असे तिघे गोल उभे राहिले.

“नियम एकच. प्रश्न कानावर आला, की तो शेजाऱ्याला विचारायचा. थांबायचं नाही. विश्वंभरा, तू सुरू कर. मीठ कोणाकडे आहे?”

“पण मीठ तर बाजीबाकडे...”

“विचार.”

“आक्का, मीठ कोणाकडे आहे?”

आक्काने महाराजांना विचारलं. महाराजांनी विश्वंभरला विचारलं. विश्वंभरने पुन्हा आक्काला.

“माझ्या...” बाजीबा म्हणाला.

“मीठ कोणाकडे?” “मीठ कोणाकडे?” “अहो, मीठ कोणाकडे?”

“माझ्याक...”

“मीठ कोणाकडे?”

वेग वाढला, तसा आवाजही वाढला. आक्का पदराने डोळे पुसत हसत होती आणि हसता हसता विचारत होती. महाराज टाळ्या वाजवून ठेका धरत होते. अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. बाजीबाने बरणी उंच धरून दाखवली, पण कोणाला बघायला सवड नव्हती. शेवटी तो बरणी मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसला.

“विचारा बाबांनो, मनसोक्त विचारा. मी कुठे जात नाही.”

विश्वंभर मध्येच थांबला.

...

“माझाच प्रश्न फिरून माझ्याकडे येतोय,” तो हळू म्हणाला. “उत्तराला शिरायला जागाच नाही.”

महाराजांनी ओट्यावर बसून परात पुन्हा पुढे ओढली.

विश्वंभर स्विचकडे धावला. एकेका तारेवरून बोट फिरवत गेला. एक कोठीकडे गेली. एक दवाखान्याकडे. एक पाठशाळेकडे. चौथी पेटीतून निघाली, वळली आणि त्याच पेटीत परत शिरली.

“ही कोणी इथं...”

आणि त्याला सकाळ आठवली.

त्यानेच. मठात कुठलंही टोक मोकळं सोडत नाहीत. घंटेची दोरी असो, गाईचं दावं असो, टोक अडकवलेलंच पाहिजे. आल्या दिवशी विहिरीवरच्या पोहऱ्याची दोरी लोंबती ठेवली म्हणून त्याने बोलणी खाल्ली होती. आज सकाळी स्विचला एक जादा तार लोंबताना दिसली, तेव्हा त्याने तिचं टोक शेजारच्या रिकाम्या भोकात नीट बसवून टाकलं होतं. वर स्वतःवर खूशही झाला होता.

त्याने तार उपसली.

दिव्यांची फडफड थांबली. एक लुकलुकला. जरा वेळाने दुसरा लुकलुकला, जणू पहिल्याला ओ दिली.

पाठशाळेतून गुरुजींचा आवाज आला, “दवाखाना दिसला हो! कोठीपण दिसली!”

“एक तार काढली आणि सगळं जोडलं गेलं?” आक्का म्हणाली. “उलटंच की रे तुझं शास्त्र!”

विश्वंभर हसला. मठात आल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला. त्याने ओट्याशी जाऊन महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

“महाराज, शाळा?”

“तुझी.”

त्याला धीर धरवेना. “शाळेत पाच खोल्या आहेत. खोलीला एक स्विच. ते एकमेकांना जोडायला पाच तारा कापून ठेवतो.”

“चार.”

विश्वंभरने बोटांवर खोल्या मोजल्या. एकीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी... शेवटच्या खोलीपाशी बोट थांबलं. पाचवी तार फिरून पहिल्याच खोलीत शिरली असती. त्याने मान डोलावली.

“बरोबर. चारच. पण महाराज, पाचवी तार हाताशी उरलीच तर?”

महाराजांनी वालाची एक शेंग मोडली.

“उरू दे.”