साकवावरच्या सात शेळ्या

फार जुन्या काळी एका खोल ओढ्यावर वेलींनी बांधलेला साकव होता. एकदा सात शेळ्या त्यावरून पलीकडे निघाल्या. मेंढरांसारखं एका चालीनं चालणं शेळ्यांना भारी कमीपणाचं वाटे, म्हणून प्रत्येकीची चाल निराळी.

मध्यावर साकव जरा झुलला. तोल सांभाळायला प्रत्येकीनं झोक्याबरोबर पाऊल टाकलं. काबरी शेळीनं कान टवकारले. सातही जणींची पावलं एकदम पडत होती. धप्प! धप्प! दर पावलाला झोका वाढत होता, वेली करकरत होत्या.

"बांडे, माझी चाल का उचलतेस गं?" ती पुढचीवर ओरडली.

"मी? तूच माझी उचलतेस!" बांडी म्हणाली.

काबरीनं पायांखाली पाहिलं. हाकणारं कुणीच नव्हतं. साकवच सगळ्यांना एका ठेक्यावर नाचवत होता. ती मटकन खाली बसली.

"अगं, थांबा! सगळ्या खाली बसा!"

"सांगितलं की बसायला आम्ही काय मेंढरं आहोत?" सहाही जणी एका सुरात म्हणाल्या, आणि सहाही जणींचं पाऊल एकदमच पुढं पडलं.

काबरीच्या कानाशी पहिली वेल तुटली.