उंबरठ्यावरच्या हाकेची कहाणी

ऐक बाई उंबरठ्याच्या देवी, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर, तिथं एक तांबट राहत होता. त्याचं नाव दाजीबा. लग्नसराईत नगरातल्या लेकींची भांडी त्याच्याकडे यायची, आणि तो छिन्नी-हातोडीनं त्यांवर नावं घालायचा.

त्याचं लग्न झालं. नवरीपुढे तांदळाचं ताट आलं. दाजीबानं अंगठीनं तांदळात लिहिलं, द्वारका. माहेरची मैना त्या दिवसापासून द्वारका झाली. मैना नाव घातलेला एक तांब्या तेवढा बापानं तिच्याबरोबर दिला होता.

मग श्रावण आला. दारात एक म्हातारी सवाशीण आली. दाजीबाला म्हणाली, "बाबा, तुला वसा देते. श्रावणातल्या शुक्रवारी उंबरठा धुवावा, दिवा लावावा. बायकोनं आत बसावं, नवऱ्यानं बाहेर उभं राहून तिला नावानं हाक मारावी. उतू नये, मातू नये, हाक टाकू नये." दाजीबानं वसा घेतला.

पहिल्या श्रावणी त्यानं हाक मारली, "द्वारके!" तिनं आतून ओ दिली. मग घर भरलं. गिऱ्हाइकं आली, मुलगा झाला, त्याचं नाव केशव. पुढे दाजीबा म्हणू लागला, "अगं ए!" तिनं ओ दिली. त्याच्याही पुढे तो नुसता खाकरू लागला. तिनं त्यालाही ओ दिली. एकदा तांबं कमी पडलं, तर त्यानं मैनेचा तांब्या मुशीत टाकला. ती म्हणाली, "अहो, माझा होता तो." तो म्हणाला, "घरात भांड्यांना काय तोटा आहे?"

केशव मोठा झाला. त्याचं लग्न ठरलं. सून आली सगुणा. तिच्यापुढे तांदळाचं ताट आलं. ती म्हणाली, "मी सगुणाच राहीन." केशव म्हणाला, "राहा की. मला तेच पाठ झालंय." आया-बाया हसल्या. द्वारका हसली नाही. मग उठता बसता घरात हाका, सगुणा इकडे ये, केशव पाणी आण. द्वारका चुलीपुढून म्हणायची, "लाज नाही गं तुला? नवऱ्याला पाणी आणायला लावतेस?" म्हणायची, आणि लाकूड आत ढकलायची.

इकडे देवी कोपली. दाजीबानं नावं घालावीत, ती सकाळी पुसलेली असावीत. नवऱ्या कोरी भांडी घेऊन परत येऊ लागल्या. हात थांबला, धंदा बसला, दुकानाला कुलूप लागलं.

मग श्रावणातला शुक्रवार आला. म्हातारी दारात उभी. "बाबा, हाक टाकलीस. उंबरठा धू, दिवा लाव, बायकोला नावानं बोलाव."

दाजीबा उंबरठा धुवून, दिव्यात वात घालून बाहेर उभा राहिला. म्हणाला, "अगं ए!" दिवा लागेना. म्हणाला, "केशवच्या आई!" दिवा लागेना. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि नाव आठवेना. नगरातल्या सगळ्या लेकींची नावं आठवली, हिचं आठवेना.

मग तो घरात गेला. भांडी उलटी केली. हंड्यावर दाजीबा, परातीवर दाजीबा, घंगाळावर दाजीबा. म्हणाला, "काय गं ठेवलं होतं तुझं नाव?"

ती म्हणाली, "विचारा की त्या भांड्यांना."

सगुणा म्हणाली, "सासूबाई, सांगून टाका. घर बसलंय."

"का सांगू? डोहाळजेवणात, बारशात, हळदीकुंकवात यांचं नाव उखाण्यात घेऊन घेऊन माझा घसा बसला. यांना माझं दोन अक्षरी नाव धरवलं नाही. ते माहेरचं. नंतरचं तर यांनीच लिहिलं होतं, तेही गेलं."

दाजीबा उंबरठ्याबाहेर मटकन बसला. म्हणाला, "मला नाही येत. तू सांग." इतक्या वर्षांत त्यानं तिला काही विचारलं, ते असं.

मग ती उठली. त्याचा रोजचा पाणी प्यायचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, "आपलं नाव ठोकून बुजवा. त्यावर मैना घाला."

त्यानं बुजवलं, मैना घातलं. अक्षर टिकलं. मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "मैने!"

दिवा लागला. देवी प्रसन्न झाली. दुकान उघडलं, नवऱ्या आल्या, नावं टिकू लागली.

पण ओ आली नाही. तिनं मान वळवून मागं पाहिलं.

सगुणा म्हणाली, "सासूबाई, ओ द्या की."

ती म्हणाली, "कुणाला बोलावतायत गं ते?"

अजून श्रावणातल्या शुक्रवारी दाजीबा बाहेर उभा राहून हाक मारतो. ती आत बसलेली असते. मैना घातलेल्या तांब्यातलं पाणी पिते, भाजी निवडते. वात विझेपर्यंत तो उभा राहतो, मग आपला आपण आत येतो.

उंबरठ्याच्या देवी, सगुणेला जशी वेळेवर हाक मिळाली, तशी तुम्हां आम्हां मिळो. मैनेला मिळाली तशी कुणाला न मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली. सुनेला सुफळ झाली, सासूची नुसती संपूर्ण झाली.