काण्याच्या पोटात

“पर बाबा, खरं पाखरू कुठलं आन् खोटं कुठलं, हे माशाला कळतं कसं?”

केरबानं हे विचारलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. तो खडकाला पाठ लावून बसला होता. सात महिने तो असाच बसत आला होता. मागं खडक, समोर तळं, आणि खालून वर येणारी पाऊलवाट डोळ्यांच्या टप्प्यात.

भोईबाबांनी दातानं दोरा तोडला. त्यांच्या बोटांत एक बारीक गळ होता आणि त्याला रानकोंबड्याचं पीस गुंडाळून झालं होतं. हे पीस पाण्यावर टाकलं की पंखवाल्या किड्यासारखं, पाखरासारखं तरंगतं आणि खालचा ट्राउट मासा फसतो.

“खरं पाखरू वारा नेईल तिकडं जातं,” बाबा म्हणाले. “खोटं जातं दोरी नेईल तिकडं.”

“आन् चिठ्ठी?”

बाबांनी दुसरं पीस उचललं.

चिठ्ठी केरबाच्या खिशात होती. काल बाजारातल्या चहावाल्यानं ती त्याच्या हातात दिली, तेव्हापासून त्यानं ती इतक्यांदा वाचली होती की घड्या फाटायला आल्या होत्या. आत चारच ओळी.

‘केस उभी राहिली आहे. सोमवारी तुमची साक्ष. वकिलांचा माणूस जीप घेऊन येतो आहे, बुधवारी दुपारी बारापर्यंत बाजारात थांबेल. या. तानी.’

आज बुधवार होता.

तानी म्हणजे त्याची बायको. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणजे तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार... किंवा कुणीतरी तिच्याकडून पत्ता काढून घेतला असणार. केरबा कुठं आहे हे साऱ्या जगात तिला एकटीला ठाऊक होतं. कसा काढून घेतला असेल, इथवर विचार आला की केरबा चिठ्ठी पुन्हा खिशात कोंबायचा.

गावाकडं, धरणाच्या पाण्यात, एक टोळी सुरुंग लावून मासे मारायची. एका दुपारी सुरुंग उडाला तेव्हा केरबाचा जोडीदार म्हादू पाण्यात उतरून जाळं सोडवत होता. म्हादू जागीच गेला. काठावरून बघणारा केरबा एकटाच. त्यानं पोलिसांत जबाब दिला, एकेकाचं नाव घेऊन. आठ दिवसांनी त्याची होडी जळाली. नवव्या दिवशी केरबा गावात नव्हता.

तानी होती.

हे एवढं मात्र तो स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

पळून पळून माणूस कुठवर पळेल? हा हिमालयापर्यंत आला. इथं या बर्फाच्या तळ्याकाठी त्याला भोईबाबा भेटले, म्हणजे नशीबच म्हणायचं. बाबा मूळचे भीमाकाठचे, मासे धरणाऱ्या भोयांतले. चाळीस वर्षांपूर्वी वर आले ते राहिलेच. अंगावर भगवं, आणि त्या भगव्याला माशांचा वास. पहाडातल्या भाविकांना हा साधू फारसा पटत नसे. मासे खाणारा बाबा म्हणून ते नाकं मुरडायचे, आणि पोराबाळांना ताप आला की त्याच्याकडंच धावायचे.

“बस लेका, चहा घे,” असं बाबा मराठीत म्हणाले, तेव्हा केरबाला रडू आवरलं नाही. पण गडी अभिमानी. डोळे पुसून म्हणाला, “साधना कराया आलोय.”

बाबांनी मान डोलावली आणि त्याच्या हातात मासे धरायची काठी दिली.

कार्तिकात आलेला केरबा हिवाळाभर बाबांच्या झोपडीत पाखरं बांधायला शिकला. बर्फ वितळल्यावर पाण्यापाशी गेला. गांडूळ लावलं तर दम धरायचा, मासा ते पुरतं गिळेस्तोवर हात हलवायचा नाही. पिसाचं पाखरू टाकलं तर उलट, माशानं तोंड लावलं की त्याच क्षणी खेचायचं, नाहीतर तो थुंकून मोकळा होतो. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. काठावर पाय आपटत चालायचं नाही.

हे सगळं त्याला महिन्याभरात आलं. आलं म्हणजे काय, बाबांपेक्षा सरस आलं, आणि तो ते बोलूनही दाखवायचा.

एक काण्या तेवढा हाती लागेना.

काण्या म्हणजे एका डोळ्याचा ट्राउट. पलीकडच्या काळ्या शिळेखाली राहायचा. केरबानं त्याच्यापुढं गांडूळ सोडलं, कणकेची गोळी सोडली, नाकतोडा सोडला, चौदा तऱ्हांची पाखरं सोडली. काण्या सावकाश वर यायचा, बघायचा आणि परत जायचा.

केरबाला त्याचा राग येत नसे. खरं सांगायचं तर तो त्याच्यावर खूश होता. “असा शहाणा मासा म्या बघितला न्हाई,” असं तो रोज म्हणायचा. “फसायचाच न्हाई. एकदा शिकला, कायमचा शिकला.”

बाबा नुसतं हूं म्हणायचे.

...

खालून हॉर्न वाजला.

बाजार दीड तासाच्या उतरणीवर होता, पण दरीतून आवाज सरळ वर यायचा. केरबा ताडकन उठला आणि पुन्हा खडकाला चिकटून बसला.

“जीप,” तो पुटपुटला.

“हूं.”

“बाबा, वकिलाचा माणूस असंल का त्या टोळीचा?”

“मला काय ठाऊक?”

“तुमी साधू हाय.”

“मी भोई आहे,” बाबा म्हणाले. “चल. आज पहिला मासा धरून ये, म्हणजे कुठलं पाखरू बांधायचं ते कळेल.”

ही बाबांची रीत होती. दिवसाचा पहिला मासा आधी चिरायचा, त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं, आणि मग तसंच पाखरू बांधायचं. माशाला काय हवं ते माशालाच विचारावं, म्हणायचे.

केरबाच्या हातात सकाळची भाकरी तशीच होती. घास उतरत नव्हता. त्यानं ती दगडावर ठेवली, काठी घेतली आणि बाबांच्या मागं निघाला. दर दहा पावलांवर मागं वळून बघत होता.

धुकं विरळ झालं होतं. ऊन पडलं तशी पाण्यातून पाखरं उठायला लागली. वर्षाचे हेच आठ दिवस असे. बारीक पिवळट पंखांची पाखरं, हजारांनी. सगळं तळं त्यांनी भरून गेलं होतं आणि जिकडं बघावं तिकडं ट्राउट तोंडं वर काढून त्यांना गट्ट करत होते.

काळ्या शिळेपाशी बाबा थांबले. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

काठाजवळच्या वीतभर पाण्यात काण्या होता.

केरबा जागीच थबकला. इतक्या जवळून त्यानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. काण्या कलला होता. कल्ले हलत होते, पण फार सावकाश. त्याच्या तोंडासमोर एक पाखरू तरंगत आलं. वाऱ्यानं आणलं होतं, त्याला कुठं दोरी नव्हती. ते हळूहळू येऊन त्याच्या ओठाला लागलं...

काण्यानं तोंड मिटलं. त्याचं सारं अंग थरथरलं आणि तो होती नव्हती ती ताकद लावून बोटभर मागं सरला.

दुसरं पाखरू आलं. तो पुन्हा मागं सरला. तिसऱ्याला त्याला सरता आलं नाही. कल्ले एकदा उघडले आणि तसेच राहिले.

गेल्या सात महिन्यांत केरबा पुष्कळदा भ्याला होता, पण हे भय निराळं होतं. हे खालच्या बाजारातून येत नव्हतं.

“उचल,” बाबा म्हणाले.

त्यानं पाण्यात हात घातला. हातभर लांब मासा, आणि उचलला तर रिकाम्या पिशवीएवढा हलका. डोकं तेवढं मोठं होतं. मागं नुसता काटा आणि त्यावर सैल कातडं.

“चीर.”

“कशापायी? ह्यो तर...”

“दिवसाचा पहिला मासा आहे.”

केरबानं सुरी लावली. दोनदा ती चुकली. त्यानं पोट उघडलं, बोटानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. एक पंख नाही, एक किडा नाही, वाळूचा कणसुद्धा नाही.

आजूबाजूला पाण्यावर टप टप आवाज होत होते. सगळं तळं जेवत होतं.

“काईच न्हाई, बाबा.”

“तोंड बघ.”

जबड्यात, उजव्या कोपऱ्याला, एक गळ रुतलेला होता. त्याला लाल दोऱ्याचे चार वेढे होते. असे वेढे कोण देतं हे केरबाला ठाऊक होतं. सात महिने तेच तर तो शिकत होता.

“तुमचा हाय,” तो म्हणाला.

“मागच्या भाद्रपदातला. दोरी तोडून गेला.” बाबा म्हणाले. “माझी चूक. दोरी जुनी होती.”

केरबानं गळ काढायला चिमटीत धरला. जोर लावावाच लागला नाही. बोटांत त्याचा भुगा झाला, तांबडा, गंजाचा. तो बराच वेळ त्या बोटांकडं बघत राहिला.

खालून हॉर्न वाजला. या वेळी लांब, आणि मग पुन्हा एकदा.

केरबानं झटकन खाली पाहिलं. पाऊलवाटेवर कुणी नव्हतं. तरी तो बघत राहिला.

“तानी पाणी भराया जाती,” तो एकाएकी म्हणाला. “धरणावर. त्याच वाटंनं. त्या लोकांच्या दारावरनं.”

बाबांनी काण्याला त्याच्या हातातून घेतलं.

“रोज जाती, बाबा. सात महिने झालं.”

...

त्यानं सुरी पाण्यात धुतली आणि बाबांच्या हातात दिली. काठी शिळेला टेकवून ठेवली. परतीच्या वाटेवर दगडावर सकाळची भाकरी होती. त्यानं ती उचलून तोंडात कोंबली. घास सुकाच होता, घशात अडकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तरी तो चावत राहिला आणि चावत चावतच उतरणीला लागला.

भीती कणभरही कमी झालेली नव्हती. उलट खडक सुटल्यामुळं पाठ उघडी पडली होती आणि तिथून गार वारं शिरत होतं.

पहिल्या वळणावर तो थांबला. इथून खालचा रस्ता दिसायचा. जीप दिसत होती, कुणीतरी दाराला टेकून उभं होतं. कोण ते एवढ्या लांबून ओळखू येईना.

तो वळला. बाबा वर शिळेपाशीच होते. काण्याला दोन्ही हातांवर घेऊन उभे होते.

“बाबा!” केरबा ओरडला. “आन् गळच असला तर वो?”

बाबांनी हातातल्या माशाकडं पाहिलं. मग खाली, केरबाकडं.

“हा गळाला लागला ना,” बाबा म्हणाले, “त्या दिवशी चांगला चार किलोचा होता.”